कंबर, मान, खांदा, गुडघा: थेट फिजिओथेरपिस्टकडे जायचं तर कसं जायचं

"मणक्यात गॅप आहे, दहा सिटिंग शेक द्या." क्लिनिकमध्ये येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बरेचदा हेच असतं. आजाराचं नाव आणि त्यावरचा उपचार, दोन्ही घरीच ठरलेलं. फिजिओथेरपी करताना मला वर्षानुवर्षं एक दिसत आलंय: टेबलावर झोपल्यावर फारसं काही बिघडत नाही, बिघडतं ते क्लिनिकला येण्याआधी आणि घरी परतल्यावर. म्हणून या लेखात त्या दोन टोकांबद्दल जास्त लिहिलं आहे, मशीनबद्दल कमी.

आपल्याकडे खासगी क्लिनिकमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी सहसा मागत नाहीत, फोन करून वेळ घेता येते. मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत (मुंबईत केईएम, शीव, नायर, पुण्यात ससून) फिजिओथेरपी विभाग आहेत, पण तिथे साधारणपणे केसपेपर काढून आधी अस्थिरोग ओपीडीत दाखवावं लागतं आणि तिथून पुढे पाठवतात. थेट जाण्याने वेळ वाचतो. मात्र डॉक्टरांनी जी पहिली चाळणी लावली असती, ती आता तुम्हाला लावायची आहे.

## टप्पा १: दुखणं चाळून घ्या

थेट यायला हरकत नाही अशी दुखणी ओळखीची असतात. बादली उचलताना कंबरेत उसण भरली. झोपेतून उठल्यावर मान अवघडली. जिना उतरताना गुडघा दुखतो. सकाळी पहिलं पाऊल टेकवताना टाचेत कळ येते. कपडे पिळून पिळून कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका लागलाय. तान्ह्या बाळाला उचलून अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय. या सगळ्यांत एक खूण समान आहे: एखाद्या हालचालीने दुखणं वाढतं आणि एखाद्या स्थितीत कमी होतं. ज्या दुखण्याचा हालचालीशी काही मेळच लागत नाही, या कुशीवर, त्या कुशीवर, दिवसा, रात्री सारखंच दुखतं, ते आधी डॉक्टरांना दाखवा.

आता खालची यादी. ती सावकाश वाचा.

आजच्या आज रुग्णालयात जा:

- कंबर किंवा पाय दुखतोय आणि लघवी अडकली आहे किंवा नकळत होते आहे, शौचाच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर लागतंय, दोन्ही पायांतली ताकद जाते आहे. मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा झुबका दाबला गेल्याची ही लक्षणं असू शकतात. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट बघू नका.
- छातीत दाब, आणि सोबत डावा हात, खांदा किंवा जबडा दुखतोय, घाम फुटतोय, धाप लागतेय. याला खांद्याचं दुखणं समजून शेकत बसू नका.
- एखादा सांधा अचानक लाल, गरम, टम्म सुजलेला आणि अंगात ताप.
- एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, विशेषतः प्लॅस्टर, ऑपरेशन किंवा लांबच्या प्रवासानंतर. आत रक्ताची गुठळी असू शकते. तेल लावून चोळू नका.
- पडल्यावर किंवा अपघातानंतर हात-पाय वाकडा दिसतो किंवा त्यावर भार टाकताच येत नाही.

दोन-चार दिवसांत आधी डॉक्टरांना दाखवा:

- संध्याकाळी कणकण, वजन घटतंय, रात्री घाम येतो, आणि पाठीच्या मणक्यात एकाच जागी ठणका. आपल्या भागात मणक्याचा क्षय विसरून चालत नाही.
- पूर्वी कर्करोग झालेला आहे आणि आता नव्याने हाडात दुखतंय.
- वय झालेली आई नुसती ठेचकाळली आणि तेव्हापासून पाठ दुखते. ठिसूळ झालेला मणका एवढ्यानेही चेपतो. बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांनाही हेच लागू.
- चप्पल पायातून आपोआप निसटते, शर्टाची बटणं लावताना बोटं चाचपडतात, भाकरी थापताना हात पूर्वीसारखा चालत नाही. मान फारशी दुखत नसली तरी मानेत मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो.
- चाळिशीच्या आतलं वय, सकाळी कंबर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली, आराम केला की वाढते आणि हिंडलं-फिरलं की मोकळी होते. इथे संधिवाततज्ज्ञ लागतात.
- लहान मूल लंगडतंय किंवा एक पाय टेकवायला तयार नाही.

बाजारात हमाली करणारे एक काका माझ्याकडे आले होते. दुसरीकडे तीन आठवडे कंबरेला वजन लावून, म्हणजे ट्रॅक्शन घेऊन झालं होतं. "संध्याकाळी अंग गरम लागतं का?" एवढंच विचारलं. त्यांची बायको पटकन म्हणाली, "रोजच लागतं की." तपासण्यांत मणक्याचा क्षय निघाला. तो प्रश्न तीन आठवडे कुणी विचारला नव्हता, आणि काकांनाही तो कंबरेशी जोडावासा वाटला नव्हता.

घोटा मुरगळला असेल तर: मुरगळल्यावर लगेच आणि नंतरही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर, हाडावरच दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे काढा.

सावध: कोपराला मार लागला असेल, हाड मोडलं असो वा नसो, त्याला मालिश करू नका आणि जोर लावून सरळ करायला कुणाच्या हातात देऊ नका. रगडल्याने स्नायूतच हाड धरू लागतं आणि कोपर कायमचा आखडू शकतो. हाडवैद्याकडे नेलेली मुलं मी अशा अवस्थेत पाहिली आहेत. कोपर मग अर्ध्यावर अडकलेला असतो आणि घास तोंडापर्यंत जात नाही.

## टप्पा २: दुखण्याची हकिगत कागदावर लिहा

एक पान पुरे. आदल्या रात्री शांतपणे लिहा, कारण क्लिनिकमध्ये बसल्यावर निम्मं आठवत नाही.

१. कधीपासून, आणि त्या आठवड्यात वेगळं काय झालं होतं. नवी गादी, घरातलं लग्नकार्य, लावणीचे दिवस, नवी दुचाकी, घरून काम. "आपोआप झालं" असं वाटलं तरी मागचे पंधरा दिवस आठवून बघा.

२. नेमकं कुठे. माणसाचं साधं चित्र काढून पेनाने रंगवा. "खांदा दुखतो" म्हणत कुणी मानेच्या बाजूला हात ठेवतं, कुणी दंडावर. दोन्हींची तपासणी वेगळी.

३. कसं. ठणका, कळ, चमक, जळजळ, मुंग्या, बधिरपणा. आपल्या भाषेत हे शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर नेमक्या कुठल्या बोटांत तेही लिहा. त्यावरून कुठली नस, याचा अंदाज येतो.

४. दिवसभरात कसं बदलतं. उठताना, दुपारी, रात्री. झोपमोड होते का, आणि होते ती कूस बदलताना की तशीच.

५. काय करता येत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक हेच सोडतात. "दुखणं कमी करा" एवढ्यावर आम्हाला उपचार आखता येत नाही. "एसटीची पहिली पायरी चढता येत नाही", "पूजेला मांडी घालून दहा मिनिटंही बसवत नाही", "आषाढीला वारीत चालायचंय" असं लिहा. त्यावरून व्यायाम ठरतो, आणि सहा आठवड्यांनी फरक पडला की नाही हेही त्यावरूनच कळतं.

इथे तपासा: पानावर "गॅप", "गादी सरकली", "नस दबली" हेच शब्द जास्त दिसत असतील तर ते खोडा आणि जे जाणवतं ते लिहा. गॅप "पडला" असं आपण म्हणतो, पण एक्स-रेवर दिसतं ते दोन मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं. आणि असे बदल न दुखणाऱ्यांतही सर्रास असतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठ न दुखणाऱ्या ३ हजारांहून अधिक माणसांच्या सीटी-एमआरआय तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के जणांत दोन मणक्यांमधल्या गादीची (डिस्कची) झीज आणि ६० टक्के जणांत फुगलेली गादी दिसली. रिपोर्टमधला शब्द म्हणजे तुमच्या दुखण्याचं कारण, असं धरून चालू नका. म्हणूनच, वरच्या यादीतलं काही नसेल तर थेट येण्याआधी स्वतःहून एमआरआय काढून आणायची गरज नाही.

## टप्पा ३: माणूस निवडा

शेजारणीला ज्यांच्याकडे गुण आला, त्यांच्याकडे जाणं साहजिक आहे. जा, पण तीन गोष्टी बघा.

शिक्षण: बी.पी.टी. ही पदवी बरीच वर्षं साडेचार वर्षांची होती, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. एम.पी.टी. त्यावर आणखी दोन वर्षं, एखाद्या विषयात. मसाज किंवा कपिंगचा (कातडीवर पेले लावून ओढण्याचा) छोटा कोर्स केलेला माणूस फिजिओथेरपिस्ट नव्हे, बोर्ड कितीही मोठा असो.

नोंदणी: महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची वेगळी राज्य परिषद आहे. तिचं प्रमाणपत्र क्लिनिकच्या भिंतीवर असावं. दिसलं नाही तर नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात काही वावगं नाही, आणि नीट काम करणाऱ्याला त्याचा राग येत नाही.

कामाची पद्धत: फोनवर एकच प्रश्न विचारा, "पहिल्या वेळी तपासणीला किती वेळ देता?" अर्धा तास ते पाऊण तास असं उत्तर आलं तर बरं. "या, लगेच मशीन लावू" असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा.

महिलांनी हवी असल्यास महिला थेरपिस्ट मागावी, किंवा सोबत घरचं कुणी बसेल असं आधीच सांगावं. दोन्ही मागण्या रास्त आहेत.

सावध: तपासणीआधी दहा किंवा वीस सिटिंगचं पॅकेज घेऊन पैसे भरू नका. किती वेळा यावं लागेल, हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

## टप्पा ४: सोबत काय न्यायचं

- टप्पा २चं पान.
- जुने एक्स-रे किंवा एमआरआय असतील तर फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, किंवा त्यांचा फोटो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्या आठवणीने दाखवा. वेदनाशामक गोळी त्या दिवशी घेतली असेल तर किती वाजता, तेही सांगा. नाहीतर तपासणीत दुखणं आहे त्यापेक्षा कमी दिसतं.
- साखरेचा अलीकडचा रिपोर्ट. खांदा आखडला असेल तर हा हवाच. मधुमेहींमध्ये खांदा गोठण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, आणि कधी कधी खांद्याच्या निमित्ताने मधुमेह पहिल्यांदा सापडतो.
- सैल कपडे. गुडघ्यासाठी वर सरकणारा पायजमा किंवा हाफ पँट, खांद्यासाठी बिनबाह्यांचा बनियन किंवा सैल कुडता. साडी किंवा घट्ट जीन्स असेल तर कंबर आणि गुडघा नीट बघता येत नाही.
- रोजच्या वापरातली चप्पल. टाच दुखणाऱ्यांनी नवी, चकचकीत घालून येऊ नये. झिजलेली चप्पल बरंच सांगते.

पोट भरून लगेच येऊ नका, आणि अगदी उपाशीही नको.

विम्याबद्दल थोडक्यात: नुसत्या ओपीडीतल्या फिजिओथेरपीचा खर्च बहुतेक आरोग्यविम्यांत मिळत नाही. रुग्णालयात दाखल झाल्यानंतरची फिजिओथेरपी काही वेळा बसते. उदाहरणार्थ, आरोग्य संजीवनी पॉलिसीत घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस धरलेले आहेत. तिथे मात्र डॉक्टरांचा लेखी सल्ला आणि सही-शिक्क्याची बिलं लागतील. म्हणजे चिठ्ठीशिवाय जाता येत असलं तरी विम्यासाठी ती घेऊन ठेवा.

## टप्पा ५: पहिली भेट

क्रम असा असायला हवा: विचारपूस, तपासणी, समजावून सांगणं, आणि मग उपचार. विचारपूस करताना टप्पा १मधले प्रश्न तुम्हाला पुन्हा विचारले जायला हवेत. लघवीबद्दल विचारलं म्हणून संकोचू नका. तपासणीत सांध्याची हालचाल, ताकद, गरज असेल तर संवेदना आणि छोट्या हातोडीने ठोकल्यावर येणारे झटके बघतात, चालून दाखवायला सांगतात. दुखऱ्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधाही बघतात. गुडघा दुखत असताना खुबा का बघतात, असं लोक विचारतात. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं, म्हणून.

मशीन लावण्याआधी हे सांगितलंच पाहिजे, विचारलं नाही तरी:

- हृदयात पेसमेकर आहे.
- अंगात धातूची पट्टी, सळई किंवा बदललेला सांधा आहे.
- गरोदर आहात किंवा तशी शक्यता आहे.
- मधुमेहामुळे पायांत बधिरपणा आहे. अशा पायाला शेक दिला तर भाजलेलं कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही.

उठण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं घ्या आणि लिहून घ्या. मला काय झालंय असं वाटतं? किती दिवसांत किती फरक अपेक्षित आहे? घरी काय करायचं? काय झालं तर मी थांबून डॉक्टरांकडे जायचं?

औषधं आणि इंजेक्शन हे फिजिओथेरपिस्टचं काम नाही. त्यांची गरज वाटली तर थेरपिस्टने स्वतः डॉक्टरांचं नाव सुचवायला हवं. मानेला झटका देऊन कटकन आवाज काढायचं कुणी सुचवलं, तर आधी कशासाठी ते विचारा. चक्कर येणं, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं असं काही असेल तर ठाम नकार द्या.

इथे तपासा: घरी करायचं काहीच न सांगता पुढची तारीख दिली असेल, तर भेट अपुरी झाली. परत जाऊन विचारा.

## टप्पा ६: घरचा व्यायाम, म्हणजे खरा उपचार

आठवड्यात तीनदा क्लिनिकला येऊन अर्धा तास थांबलात तर दीड तास झाला. आठवड्यात १६८ तास असतात. बाकीचे सगळे तुमच्या घरी जातात, आणि स्नायूची ताकद तिथेच वाढते किंवा घटते. शेकाने बरं वाटतं, दोन-चार तास हालचाल सोपी होते. त्या मोकळीकीत व्यायाम करून घ्यायचा असतो. नुसता शेक घेऊन घरी झोपलात तर ती मोकळीक वाया गेली.

१. व्यायाम तीन किंवा चारच घ्या. मोबाइलवर पाहिलेले आणखी आठ त्यात मिसळू नका. दुखलं तर कशाने दुखलं ते मग कळत नाही.

२. थेरपिस्टसमोर स्वतः करून दाखवा आणि तुमच्या फोनवर तुमचाच व्हिडिओ काढून घ्या. छापील कागदावरच्या चित्रापेक्षा हा व्हिडिओ कितीतरी उपयोगी पडतो.

३. वेळ एखाद्या रोजच्या कामाला बांधा. चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलणं. संध्याकाळी बातम्या लागल्या की गुडघ्याचा व्यायाम.

४. दुखण्याचं माप ठेवा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते व्यायामाआधीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही तर व्यायाम बंद करू नका, निम्मा करा. पाचच्या वर गेलं किंवा मुंग्या खाली-खाली सरकू लागल्या तर थांबा आणि फोन करा.

५. दुखणं थांबलं म्हणून व्यायाम थांबवू नका. दुखणं आधी जातं, ताकद नंतर येते, आणि ती यायला सहा ते आठ आठवडे तरी लागतात. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटून सोडलेले लोक चार महिन्यांनी तेच दुखणं घेऊन परत येतात. यातले बहुतेक गुडघ्याचे असतात.

गोठलेल्या खांद्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे उत्साहच नडतो. सुरुवातीच्या दुखऱ्या काळात, जेव्हा रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, तेव्हा घरचे लोक हात धरून वर ओढतात. "जरा सहन कर, मोकळा होईल." त्याने सूज आणि दुखणं दोन्ही वाढतं. त्या काळात लंबकासारखा हात सैल हलवणं आणि सोसवेल इतकंच ताणणं बरं. जोराचं ताणणं ठणका ओसरून नुसता आखडलेपणा उरल्यावर. हा आजार महिन्यांच्या हिशेबात चालतो, काहींना वर्ष-दोन वर्षंही लागतात. हे पहिल्याच दिवशी कळलं तर माणूस दर पंधरा दिवसांनी क्लिनिक बदलत नाही.

कंबरेच्या साध्या उसणीचं नेमकं उलट. तिथे लोक घाबरून अंथरूण धरतात. एखादा दिवस पडून राहिलात तर ठीक. त्यापुढे घरातल्या घरात चालणं, बसणं बदलत राहणं, जमेल ते काम करणं याने कंबर लवकर सुटते. पट्टा लांबच्या प्रवासापुरता बांधा, झोपताना काढा.

सावध: बर्फ थेट कातडीवर नको. फडक्यात गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटं. गरम पाण्याची पिशवी पोटरीखाली किंवा कंबरेखाली ठेवून झोपू नका.

## टप्पा ७: ठरलेल्या तारखेला मोजा

पहिल्या दिवशीच वहीत दोन तारखा लिहून ठेवा: तीन आठवड्यांनंतरची आणि सहा आठवड्यांनंतरची.

तिसऱ्या आठवड्यात दुखणं पूर्ण जायला हवं असं नाही, पण काहीतरी हललेलं हवं. झोप सुधारली, एक पायरी जास्त चढता आली, गोळी रोजची एकदिवसाआड झाली. यातलं काहीच नसेल आणि व्यायाम तुम्ही खरोखर केला असेल, तर थेरपिस्टला तसं स्पष्ट सांगा. व्यायाम केला नसेल तर तेही सांगा. इथे खरं न बोलल्याने उपचार चुकीच्या दिशेने बदलतो.

सहाव्या आठवड्यात टप्पा २मधलं पान काढा आणि पाचवा मुद्दा वाचा. एसटीची पायरी चढता आली का? मांडी घालता आली का? आली असेल तर भेटी थांबवा आणि व्यायाम आठवड्यातून तीन दिवसांवर आणा. आली नसेल तर तेच सिटिंग पुढे रेटू नका. डॉक्टरांकडे जा, आणि जाताना थेरपिस्टकडून अर्ध्या पानाचं पत्र मागा: काय आढळलं, काय केलं, किती आठवडे, काय बदललं, काय बदललं नाही, कुठली तपासणी करावीशी वाटते. असं पत्र हातात असलं की अस्थिरोगतज्ज्ञांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मध्येच टप्पा १च्या यादीतलं काही दिसलं, तर तिसऱ्या-सहाव्या आठवड्याची वाट बघू नका. ती यादी पहिल्या भेटीपुरती नाही. तिचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा, कारण चप्पल निसटतेय हे बरेचदा आपल्याआधी घरच्यांच्या लक्षात येतं.